डिसेंबरची बोट आणि आईचा बोधिवृक्ष

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका उत्तर नागपुरात राहतात आणि शासकीय कार्यालयात नोकरी करतात, ओळख पटेल असा बाकीचा तपशील गाळला आहे. त्यांच्या आईचे वय ७४ आहे, गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी रोजची आहे. विहाराच्या महिला मंडळातील चौदा जणींनी भिशीतून पैसे साठवले असून त्यांना श्रीलंकेत अनुराधपूरला जायचे आहे. बेत असा ठरला आहे की रेल्वेने चेन्नई, पुढे नागपट्टिनम आणि तिथून प्रवासी बोटीने श्रीलंकेतील कांकेसंतुरई बंदर गाठायचे, आणि तेही डिसेंबरच्या पौर्णिमेला, कारण सम्राट अशोकांच्या कन्या थेरी (ज्येष्ठ भिक्खुणी) संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेच्या उत्तर किनाऱ्यावर उतरल्या तो दिवस तिकडे याच पौर्णिमेला पाळला जातो. मोठ्या भावाचे म्हणणे असे की आईला न्यायचे तर विमानाने न्या, नाहीतर बेतच सोडा. मंडळातील काही जणींना विमानाचा खर्च झेपणारा नाही. “मी सगळ्यांना बोटीचा शब्द दिला आहे, आता मागे सरले तर मंडळात तोंड कसे दाखवू? आणि आईला या वयात समुद्रातून नेणे चुकीचे आहे का?” असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, सप्रेम जय भीम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि त्यातील ओढ मला पूर्ण समजली. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधपूरच्या महाबोधीच्या, म्हणजे संघमित्रेने नेलेल्या त्या फांदीपासून वाढलेल्या वृक्षाच्या, फांद्यांपासून वाढला आहे आणि त्या फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेहून आणल्या होत्या, हे नागपुरातील घराघरांत सांगितले जाते. ज्या झाडाच्या सावलीत आपण दर वर्षी उभे राहतो, त्याच्या मूळ झाडापाशी एकदा जाऊन यावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून “जावे की न जावे” हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. तुम्ही जावेच. प्रश्न उरतो तो कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने आणि कोणती जोखीम कोणी उचलायची एवढाच.

पण त्याआधी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. तुमच्या लांब पत्रात आईचे स्वतःचे म्हणून एकच वाक्य आहे: “मला एकदा त्या झाडाला हात जोडायचे आहेत.” त्यात बोट नाही, समुद्र नाही आणि डिसेंबरही नाही. बोटीची इच्छा तुमची आहे. ती सुंदर इच्छा आहे आणि तिच्याबद्दल संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही, परंतु आईची इच्छा आणि आपली इच्छा एकाच गाठोड्यात बांधली की भावाचा विरोधही आपल्याला आईच्या श्रद्धेला झालेला विरोध वाटू लागतो. तुम्ही आईजवळ बसा आणि साध्या शब्दांत विचारा, “आई, तुला बोटीने जायचे आहे की झाडापाशी पोहोचायचे आहे? दोन्ही जमले नाही तर काय सोडशील?” त्या जे उत्तर देतील त्यावर निम्मा निर्णय होऊन जाईल. मंडळातील बाकीच्या तेरा जणींनाही हाच प्रश्न एकेकीला वेगळा विचारा. सगळ्यांसमोर विचारला तर पहिलीचे उत्तर तेच सगळ्यांचे उत्तर होते.

आता बोटीकडे येऊ. तुम्ही ती रेल्वेसारखी धरून चालला आहात, म्हणजे वेळापत्रक आहे, आरक्षण मिळाले, की आपण पोहोचलो. या मार्गाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. नागपट्टिनम ते कांकेसंतुरई ही सेवा १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली आणि आठवडाभरातच, ईशान्य मोसमी पावसाची चाहूल लागताच, थांबली. ती पुन्हा सुरू करण्याच्या मे २०२४मधील जाहीर तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि प्रत्यक्षात बोट निघाली ती १६ ऑगस्ट २०२४ रोजी, वेगळी बोट आणि या वेळी खासगी कंपनी घेऊन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हवामानामुळे सेवा पुन्हा बंद झाली आणि २२ फेब्रुवारी २०२५ रोजी परत सुरू झाली. म्हणजे पहिल्या दोन्ही वर्षांत डिसेंबरमध्ये या मार्गावर प्रवासी बोट नव्हती. तुमच्या बेतातील सर्वांत मोठी अडचण आईचे वय नसून हा महिना आहे.

आपल्याकडे डिसेंबर म्हणजे स्वच्छ आकाश, कोवळे ऊन, बाजारात संत्र्यांचे ढीग आणि प्रवासाला सर्वांत चांगले दिवस. हा आपला अनुभव इतका पक्का आहे की तमिळनाडूच्या किनाऱ्याला आणि श्रीलंकेच्या उत्तर टोकाला याच दिवसांत भरपूर पाऊस पडतो, हे आपल्या मनातच येत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला मुख्य पावसाळा आहे, आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळही हाच. वारा ईशान्येकडून वाहतो आणि कांकेसंतुरईचा किनारा उत्तरेकडे उघडा असल्याने लाटा थेट तिथे येऊन आदळतात. त्यात भारत आणि श्रीलंकेमधली पाल्कची सामुद्रधुनी उथळ आहे. उथळ पाण्यावर जोराचा वारा सुटला की लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग येतात, आणि दीडशे आसनांच्या लहान बोटीला त्या फार जाचतात. १९६४च्या डिसेंबरमध्ये याच समुद्रातील चक्रीवादळाने धनुष्कोडी गाव, तिथले रेल्वेस्थानक आणि प्रवाशांनी भरलेली एक गाडी गिळली होती. चेन्नईहून रेल्वेने धनुष्कोडी आणि तिथून बोटीने तलैमन्नार हा १९१४पासूनचा जोडप्रवास त्या रात्री संपला. पुढे रामेश्वरमहून बोट चालू राहिली, तीही १९८०च्या दशकात श्रीलंकेतील यादवीत बंद झाली. २०११मध्ये तुतिकोरीन ते कोलंबो बोट सुरू होऊन त्याच वर्षी थांबली. अगदी अलीकडे, २०२५च्या नोव्हेंबरअखेरीस, दित्वा चक्रीवादळाने श्रीलंकेत शेकडो बळी घेतले आणि तिथल्या रेल्वेमार्गांचीही मोठी हानी केली. हे सारे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. बोट रद्द करणारे लोक तुमची गैरसोय करत नसतात, ते तुमचा जीव सांभाळत असतात, आणि म्हणून “बोट रद्द झाली तर” हा प्रश्न योजनेच्या शेवटी न ठेवता पहिल्या ओळीत ठेवायला हवा.

संघमित्रेच्या वाटेने जाण्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण तुमच्या मनात खरे आकर्षण त्याचेच आहे. महावंस या श्रीलंकेच्या प्राचीन पाली ग्रंथातील कथेनुसार त्या बंगालमधील ताम्रलिप्तीच्या बंदरातून निघाल्या आणि जंबुकोळ येथे उतरल्या. हे जंबुकोळ म्हणजे आजचे दंबकोळ पटुना, कांकेसंतुरईपासून पश्चिमेला काही किलोमीटरवर, त्याच किनाऱ्यावर. म्हणजे निघण्याचे ठिकाण तुम्ही धरले आहे ते नव्हे, पण उतरण्याचा किनारा खरोखरच तो आहे. तिथे संघमित्रेच्या आगमनाचे स्मारक आणि विहार आहे. जाफन्याला, म्हणजे उत्तर श्रीलंकेतील मुख्य शहराला, कोणत्याही वाटेने पोहोचलात तरी त्या वाळूवर उभे राहून वंदना घेता येते. आणि विमानाने जाणे म्हणजे यात्रेत काहीतरी उणे राहिले असे तुमच्या मंडळातील कोणाला वाटत असेल, तर त्याच ग्रंथात संघमित्रेचे बंधू महेंद्र थेर अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेच्या पर्वतावर आकाशमार्गे आले असे सांगितले आहे, हे त्यांना जरूर सांगा. भावंडांपैकी एक समुद्राने गेले, एक आकाशातून. श्रीलंकेतील उपासकांनी दोघांचाही सारखाच आदर केला. तुमच्या घरातील बहीण-भावाच्या वादालाही यातून थोडी वाट मिळेल असे मला वाटते.

खर्चाबद्दल तुमचे गृहीतक असे आहे की बोट गरिबांची आणि विमान श्रीमंतांचे. हा हिशेब नुसत्या तिकिटाच्या आकड्यावर करू नका. कागदावर दोन रकाने आखा. बोटीच्या रकान्यात नागपूर ते चेन्नई आणि चेन्नई ते नागपट्टिनम रेल्वेचे जाणे-येणे, नागपट्टिनममधील किमान दोन रात्रींचा मुक्काम, बोटीचे भाडे आणि त्यावरील कर, जादा सामानाचे शुल्क, आणि बोट रद्द झाल्यास लागणारी रक्कम, हे सारे लिहा. विमानाच्या रकान्यात चेन्नईपर्यंतची रेल्वे, चेन्नई ते जाफना किंवा कोलंबो विमानाचे बऱ्याच आधी काढलेले जाता-येताचे तिकीट आणि वाचलेले मुक्काम लिहा. दोन्ही बेरजा झाल्या की फरक तुम्ही समजता तेवढा राहत नाही, असे मला वाटते. तरीही काही जणींना बोटच परवडत असेल तर तो खराखुरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर महिना बदलण्यात आहे, धोका पत्करण्यात नाही.

आता तुमच्यापुढील वाटा. पहिली वाट म्हणजे पौर्णिमा धरून ठेवायची आणि बोट सोडायची. चेन्नईहून जाफन्याच्या पलाली विमानतळावर थेट विमाने जातात आणि हा विमानतळ कांकेसंतुरई बंदरापासून जवळच आहे. त्यामुळे दंबकोळ पटुना, जाफना आणि मग रेल्वेने किंवा मोटारीने अनुराधपूर हा क्रम तसाच राहतो. या मार्गावरील विमाने लहान असतात, म्हणून आईसह पंधरा जागा एकत्र हव्या असतील तर फार आधी आरक्षण करावे लागेल. विमानालाही वादळ लागते, हे खरे. पण ते दिवसा-दोन दिवसांत पुन्हा उडते, बोट मात्र तीन-तीन महिने बंद राहते. या वाटेत एक अडचण तुमच्या स्वतःच्या नोकरीची आहे. डिसेंबरमध्ये नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते आणि त्या दिवसांत शासकीय कार्यालयांत रजा मिळणे किती कठीण असते, हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. शिवाय खासगी परदेश प्रवासासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज रजेच्या अर्जाबरोबरच द्या आणि मंजुरी हाती येईपर्यंत कोणाचेही परत न मिळणारे पैसे भरू नका. मंडळाची नेती ऐन वेळी अधिवेशनाच्या ड्यूटीवर अडकली, असे व्हायला नको.

दुसरी वाट म्हणजे बोट धरून ठेवायची आणि महिना बदलायचा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत हा समुद्र बहुधा शांत असतो, पाऊस कमी असतो आणि सेवा सुरू असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ऊन वाढलेले असते, पण विदर्भातील माणसाला ते ऊन नवे नाही. पौर्णिमा श्रीलंकेत दर महिन्याला पाळली जाते. प्रत्येक पौर्णिमा तिकडे ‘पोया’ म्हणून सार्वजनिक सुट्टीची असते आणि अनुराधपुरात त्या रात्री पांढरी वस्त्रे नेसलेले उपासक दिवे लावून बसतात. तेव्हा मार्चच्या पौर्णिमेला गेलात तरी महाबोधीपाशी पौर्णिमेची वंदना चुकणार नाही. डिसेंबरची पौर्णिमा, जिला तिकडे उंदुवप म्हणतात, संघमित्रेची आहे हे मान्य. पण तिचे स्मरण नागपुरातील विहारात करून मार्चमध्ये निघण्यात काहीही कमीपणा नाही. जूनच्या पोसोन पौर्णिमेचा मोह मात्र टाळा. ती महेंद्र थेरांच्या आगमनाची आहे आणि त्या दिवशी अनुराधपूर व मिहिंतले येथे इतकी गर्दी उसळते की वयस्कर व्यक्तींना ती सोसवणार नाही.

तिसरी वाट म्हणजे एका बाजूने बोट आणि दुसऱ्या बाजूने विमान. ही मला स्वतःला सर्वांत पसंत आहे, पण कोणत्या बाजूला बोट ठेवायची हे नीट ठरवले पाहिजे. परतीला बोट ठेवली आणि ती रद्द झाली तर पंधरा जणी परक्या देशात अडकतात. मुक्कामाचा खर्च तिकडच्या चलनात वाढतो, पुढची रेल्वेची आरक्षणे वाया जातात, औषधे संपत येतात आणि कोणाच्या रजेचा शेवटचा दिवस उलटून जातो. जाताना बोट ठेवली आणि ती रद्द झाली तर निदान आपण आपल्या देशात असतो, आपली भाषा नसली तरी आपली रेल्वे आणि आपले पैसे चालतात, आणि निर्णय बदलायला जागा राहते. म्हणून जाताना बोट आणि येताना विमान, हा क्रम उलटा करू नका. परतीचे तिकीट हातात असले की कांकेसंतुरईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारणा झाली तरी दाखवता येते.

चौथी वाट काही जणींच्या मनात येईल: आईसारख्या दोघी-तिघींनी भावासोबत किंवा एखाद्या तरुण नातेवाइकासोबत विमानाने जाफन्याला जावे आणि बाकीच्यांनी बोटीने यावे. पलाली आणि कांकेसंतुरई जवळजवळ असल्याने हे शक्य आहे. “मंडळ फुटले” असे याला म्हणू नका. ज्यांचे गुडघे वेगळे, त्यांची वाट थोडी वेगळी, एवढाच याचा अर्थ. फक्त विमान आदल्या दिवशी पोहोचेल असे बघा, म्हणजे बोट रद्द झाल्यास दोन्ही गट वेगवेगळ्या देशांत एकमेकांची वाट बघत आहेत असे झाले तरी वयस्कर मंडळींचा मुक्काम आधीच पक्का असेल.

बोटीने जायचे ठरलेच तर नागपट्टिनममध्ये दोन दिवस राखून ठेवा आणि ते वाया गेलेले दिवस समजू नका. या बंदरात इ. स. १००६च्या सुमारास, राजराज चोळाच्या काळात, सुमात्रा बेटावरच्या श्रीविजय राज्याच्या राजाने चूडामणी विहार बांधवला होता. एकोणिसाव्या शतकापासून तिथल्या जमिनीतून बुद्धाच्या साडेतीनशेच्या आसपास कांस्यमूर्ती निघाल्या. त्यांपैकी अनेक चेन्नईत एग्मोरच्या शासकीय संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. तुमची नागपूरची गाडी, मग ती ग्रँड ट्रंक असो की तमिळनाडू एक्स्प्रेस, चेन्नई सेंट्रलला पोहोचते आणि नागपट्टिनमची गाडी एग्मोरहून सुटते. दोन्ही स्थानके फार लांब नाहीत, पण पंधरा जणींच्या बॅगा घेऊन चालत जाण्याजोगीही नाहीत. मधल्या वेळात सामान क्लोकरूममध्ये ठेवून ते संग्रहालय पाहिलेत, तर समुद्रापलीकडचे आणि अलीकडचे बौद्ध जग एकमेकांशी किती जोडलेले होते हे आईला डोळ्यांनी दिसेल.

राखीव दोन दिवसांनंतरही बोट निघाली नाही तर काय, हे नागपूर सोडण्याआधी सर्वांनी मिळून ठरवावे. माझी सूचना अशी: तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोट नसेल तर वाट पाहणे थांबवून तिरुचिरापल्लीला जावे आणि तिथून कोलंबोचे विमान धरावे. ऐन वेळचे तिकीट महाग पडते, म्हणून प्रत्येकीने तेवढी रक्कम वेगळी बाजूला ठेवलेली असावी. ज्यांना ती ठेवणे शक्य नाही त्यांच्यासाठी भिशीतून सामायिक निधी करावा, आणि तोही शक्य नसेल तर डिसेंबरच्या बोटीचा विचार पूर्ण सोडून द्यावा. निघण्याच्या आठवड्यात हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याच्या चेन्नई कार्यालयाचा इशारा रोज पाहण्याचे काम एखाद्या तरुण मुलीकडे द्या. आपण व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या संदेशांवर फार विसंबतो. त्यापेक्षा बोट कंपनीचा दूरध्वनी बरा आणि या दोन संस्थांचे अंदाज त्याहून बरे. बोट आठवड्यातून किती दिवस सुटते, किती किलो सामान फुकट नेता येते आणि रद्द झाल्यास पैसे कसे परत मिळतात, हे नियम सुरुवातीपासून वारंवार बदलले आहेत. म्हणून आरक्षण करताना त्या दिवशीचे नियम वाचून त्यांची प्रत छापून ठेवा.

आईच्या प्रकृतीबद्दल. अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे आणि बोटीला साधारण चार तास लागतात. बसून जायचे असते, आडवे होण्याची सोय धरू नये. खरा ताण समुद्रात असतो तेवढाच बंदरावर असतो: पहाटे उठणे, निघण्याच्या कितीतरी आधी पोहोचणे, पासपोर्ट आणि कस्टमच्या रांगा, आणि बोटीत चढण्यासाठीची हलणारी फळी. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला चार तास बसण्यापेक्षा त्या फळीवरची चार पावले अवघड जातात. म्हणून आरक्षण करतानाच व्हीलचेअर आणि चढताना हात देणारा कर्मचारी मिळेल का, हे विचारून घ्या. मळमळीसाठी अनेक जण अॅव्होमिनसारखी गोळी घेतात, पण तिने झोप येते आणि रक्तदाब, काचबिंदू किंवा इतर औषधे चालू असतील तर ती सर्वांना चालत नाही. त्यामुळे ती आईच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी आणि नागपुरात असतानाच एकदा घेऊन पाहावी. सकाळी पोट रिकामे ठेवू नका आणि भरगच्चही खाऊ नका. जागा बोटीच्या मध्यभागी मागा, कारण टोकाला झोके जास्त बसतात, आणि मळमळू लागले तर मोबाइलकडे न पाहता दूर क्षितिजाकडे नजर लावायला सांगा. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीच्या असाव्यात.

कागदपत्रांत तुमच्या मंडळाची गाडी सर्वांत जास्त अडेल, असा माझा अंदाज आहे, कारण तुम्ही लिहिता की चौदापैकी पाच जणींकडेच पासपोर्ट आहे. आपल्याकडच्या पन्नाशी-साठीच्या स्त्रियांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव असते, आधार कार्डावर सासरचे, मतदार यादीत तिसरेच स्पेलिंग, आणि जन्मतारखेच्या जागी अनेकदा १ जून. पासपोर्टच्या अर्जात हे सगळे एकमेकांशी जुळावे लागते आणि पोलीस पडताळणीत पत्ताही जुळावा लागतो. एका रविवारी विहारात सर्वांची कागदपत्रे मांडून बसा, प्रत्येकीच्या नावाची अक्षरे एकाखाली एक लिहा आणि जिथे फरक आहे तिथे आधी दुरुस्ती करून घ्या. मगच नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाची वेळ घ्या. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांहून अधिक उरलेली असावी. श्रीलंकेसाठी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी निघण्याआधीच काढा, आणि ती श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. तशीच दिसणारी दलालांची संकेतस्थळे जादा पैसे घेतात. तिच्यातील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे.

पैशांबाबत एक कळकळीची विनंती आहे. तुम्ही मंडळाच्या ताई आहात, ट्रॅव्हल एजंट नाही. सर्वांचे पैसे आपल्या खात्यात घेऊन, सर्वांची तिकिटे आपल्या नावाने काढून, सर्वांचे पासपोर्ट आपल्या पिशवीत ठेवून निघालात, तर बोट रद्द झाल्याच्या दिवशी चौदा घरांची नाराजी एकट्या तुमच्यावर येईल. प्रत्येकीचे तिकीट तिच्या नावावर, पासपोर्ट तिच्याजवळ, आणि कोणती रक्कम परत मिळते व कोणती मिळत नाही हे सांगणारा एक कागद मराठीत लिहून त्यावर प्रत्येकीची सही, एवढे करा. हा अविश्वास नव्हे. बाबासाहेबांच्या अनुयायांना लेखी नियमांचे महत्त्व नव्याने पटवून द्यावे लागत नाही.

दिलेल्या शब्दाबद्दल तुम्ही फार घाबरला आहात. तुम्ही मंडळाला अनुराधपूरला नेण्याचा शब्द दिला होता. बोट हे त्याचे साधन होते. साधन बदलताना त्याची कारणे उघडपणे सांगितली तर कोणी तोंड फिरवणार नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी डिसेंबरमध्ये बोट बंद होती, हे वर लिहिलेल्या तारखांसह बैठकीत वाचून दाखवा. लोक रागावतात ते बहुधा उशिरा कळल्यामुळे.

भावाच्या बाबतीतही थोडी वेगळी नजर हवी. “विमानाने, नाहीतर नाहीच” हे त्यांचे वाक्य कठोर वाटते, पण त्यांना आईची काळजी आहे आणि ती काळजी वाहून नेण्यासाठी त्यांना दुसरी जागा मिळालेली नाही. त्यांना काम द्या. आईची हृदय, रक्तदाब आणि हाडांची तपासणी करून डॉक्टरांचे लेखी मत आणणे, वृद्धांचा परदेशातील उपचाराचा खर्च आणि आधीचे आजार धरणारा प्रवास विमा शोधणे, आणि जमल्यास स्वतः सोबत येणे, ही तिन्ही कामे त्यांची. डॉक्टरांनी समुद्रप्रवास नको म्हटले तर वाद संपला आणि आईचे तिकीट विमानाचे. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर भावाचा आक्षेपही बराच सौम्य होईल.

माझे मत विचाराल तर आई व गुडघे दुखणाऱ्या आणखी कोणी असतील त्यांच्यासाठी जाता-येता विमान, आणि बाकीच्यांसाठी मार्चमध्ये जाताना बोट व येताना विमान, असा बेत मी आखला असता. आईने स्वतः समुद्राचा हट्ट धरला आणि डॉक्टरांनी होकार दिला तर त्यांनाही बोटीत घ्या. चार तास सोसणे त्यांच्या श्रद्धेला जड जाणार नाही. डिसेंबर मात्र फक्त विमानासाठी ठेवा. मार्च ठरवलात तर पासपोर्टसाठी आणि रजेसाठीही पुरेसे महिने हाती राहतात, आणि अधिवेशनाचा प्रश्नच येत नाही.

येत्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास सर्वांना थांबवून घ्या. दोन रकान्यांचा तो हिशेब, बोटीच्या तारखा आणि ज्या नऊ जणींकडे पासपोर्ट नाही त्यांची नावे एका कागदावर लिहून न्या. तारीख आणि वाट पहिल्याच बैठकीत ठरवू नका. आधी नऊ अर्ज भरून घ्या.